बोअरचं पाणी पिण्याआधी : कोकणातल्या वाडीसाठी फ्लोराइडची तपासणी आणि उपाय

शिमगा सरला की कोकणातल्या विहिरी तळ दाखवू लागतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही ही गत होते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपतं, पऱ्या-व्हाळाला लागतं आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत बरंचसं खाडीला मिळालेलं असतं. मग बोअर मारला जातो. दोन-अडीचशे फुटांवर पाणी लागलं आणि नितळ निघालं, की नारळ फोडून ते टाकीत चढतं. तिथून हंड्यात, भाताच्या टोपात, चहाच्या आधणात जातं. गोडं लागलं म्हणजे चांगलं, ही आपली समजूत. खाडीकाठच्या गावांत खारं आणि गोडं हाच पाण्यातला सगळ्यात मोठा भेद असल्यामुळे ती पक्की झालेली आहे.

फ्लोराइडला ही कसोटी लागू पडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पिण्याच्या पाण्यात सापडतं तेवढ्या प्रमाणात चवही नाही. ते पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर आणि मग मोठ्यांच्या हाडांवर दिसतं. दिसायला लागतं तेव्हा झालेलं नुकसान बहुतेक भरून निघणारं नसतं.

महाराष्ट्रात फ्लोराइड म्हटलं की चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ही नावं आधी येतात. कोकणातल्या बहुतेक उथळ विहिरींना या त्रासाचा धोका कमीच. पण आपण विहीर सोडून खोल खडकातलं पाणी प्यायला लागलो आहोत, आणि ते पाणी वेगळं आहे. ते तपासल्याशिवाय पिऊ नये, आणि दोष निघालाच तर यंत्राच्या दुकानात जाण्याआधी आपली विहीर आणि आपलं छप्पर यांच्याकडे पाहावं, एवढ्यासाठी हा लेख. विदर्भातल्या कोरड्या गावाला जो पर्याय मिळणं कठीण, तो आपल्या डोक्यावर दरवर्षी चार महिने कोसळत असतो.

फ्लोराइड येतं कुठून

खडकातून. फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रकाचे काही प्रकार अशा खनिजांत ते असतं. पाणी जितका जास्त काळ खडकाच्या फटीत अडकून राहतं, जितकं खोल आणि उबदार असतं, तितकं ते पाण्यात उतरतं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी त्याच पावसाळ्यात मुरलेलं असतं, त्याला खडक विरघळवायला वेळच मिळालेला नसतो. खोल बोअरचं पाणी मात्र कित्येक वर्षांचं जुनं असू शकतं.

रायगड आणि रत्नागिरीचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा, वर जांभ्याची टोपी. सिंधुदुर्गाकडे उतरलं की त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात, त्यात ग्रॅनाइटच्या जातीचे पट्टितखडकही आहेत. ग्रॅनाइटी खडकात फ्लोराइडची खनिजं अधिक असतात, म्हणून तिथल्या खोल बोअरकडे जास्त लक्ष हवं. दुसरी खूण गरम पाण्याच्या झऱ्यांची. गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वरातली तुरळ, राजवाडी आणि आरवली, राजापूरचं उन्हाळे अशी या झऱ्यांची ओळ सह्याद्रीच्या पायथ्याने गेली आहे. ते पाणी खोलवर तापून वर येतं आणि अशा पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता असते. त्यात अंघोळ जरूर करा. औषध म्हणून ते रोज पिण्याची पद्धत मात्र तपासणीशिवाय चालू ठेवू नका, आणि अशा झऱ्याच्या आसपास बोअर असेल तर तो सगळ्यात आधी तपासा.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त असलेल्या पाण्यात ते मोकळं राहतं. त्यामुळे ज्या खोल बोअरच्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो आणि डाळ पटकन शिजते, ते घरातल्या सगळ्यांना आवडतं आणि नेमकं तेच संशयास्पद असू शकतं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणीही हलकंच असतं, पण त्याला ही शंका लागू नाही. शंका खोलीमुळे आहे.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, पण त्याची भीती नको. खाडीचं पाणी विहिरीत इतकं शिरलं की त्यातल्या फ्लोराइडची काळजी वाटावी, तर त्याच्या कितीतरी आधी ते मिठामुळे तोंडात धरवणार नाही.

पहिलं काम : तोंडात जाणारं पाणी कुठलं ते लिहून काढा

एका घरात तीन-चार ठिकाणचं पाणी असतं. नळयोजनेचं, अंगणातल्या बोअरचं, शेजारच्या विहिरीचं, मे महिन्यात टँकरचं. कागदावर प्रत्येकापुढे लिहा : पिण्याला कुठलं, भात-आमटीला कुठलं, चहाला कुठलं. अंघोळ, कपडे, भांडी, गोठा धुणं यांचं पाणी या यादीतून काढून टाका, कारण फ्लोराइड कातडीतून शरीरात जाऊन त्रास देत नाही. त्या कामांना बोअर खुशाल वापरा. यादीत राहतं ते पाणी अगदी थोडं निघेल, माणशी पाच-सहा लिटर. पुढचे सगळे उपाय या छोट्या आकड्यामुळेच परवडतात.

नळयोजनेचा उद्भव, म्हणजे पाणी जिथून उचललं जातं ती जागा, कोणता, हेही विचारून घ्या. नळाला येतं म्हणजे धरणाचं, असं नाही. पुष्कळ वाड्यांच्या योजना विंधन विहिरीवरच, म्हणजे बोअरवरच, चालतात. टँकरवाल्यालाही तो कुठे भरतो ते विचारा.

शाळेचा आणि अंगणवाडीचा हातपंप विसरू नका. मूल दिवसातला मोठा भाग तिथलं पाणी पितं आणि तिथली खिचडी खातं.

दुसरं काम : नमुना नीट घ्या

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं.

वेळ दोन वेळा साधायची. एकदा एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत खाली गेलेलं असताना, आणि एकदा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. एकच तपासणी जमणार असेल तर मे महिन्यातली करा. श्रावणात घेतलेल्या नमुन्यावरून वर्षभराचा निष्कर्ष काढणं धोक्याचं.

बाटली प्लॅस्टिकची हवी. काच नको, कारण फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करू शकतं. पाण्याची एक लिटरची कोरी बाटली चालेल. सरबताची, औषधाची किंवा तेलाची धुऊन घेतलेली चालणार नाही. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. हातपंप असेल तर पाइपात साठलेलं पाणी निघून ताजं, थंड पाणी लागेपर्यंत हापसा. टाकीतून घेऊ नका, थेट बोअरच्या तोंडाशी घ्या. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. चिठ्ठीवर गाव, वाडी, बोअरची खोली, तारीख आणि शेवटची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली ते लिहा. क्लोरीन शिल्लक असेल तर रंगावरून होणारी चाचणी चुकीचा आकडा दाखवते, म्हणून पावडर टाकल्याबरोबर नमुना काढू नये.

जंतूंच्या तपासणीचा नमुना वेगळा. त्याला निर्जंतुक बाटली लागते, तो थंड ठेवून लवकरात लवकर पोचवावा लागतो. फ्लोराइडच्या नमुन्याला ती धावपळ नाही, दोन-चार दिवस गेले तरी आकडा बदलत नाही.

आता तपासायचं कुठे. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि क्षेत्रीय तपासणी संच, म्हणजे एफटीके, द्यायची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत तो संच कुणाकडे आहे ते गावच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या जलसुरक्षकाला विचारा. संचात ठरावीक पाण्यात रसायनाचे थेंब घालून रंग तक्त्याशी जुळवायचा असतो. अनेक संचांत फ्लोराइड वाढत गेलं की गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो. उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा, आणि रसायनाच्या बाटलीवरची मुदत आधी वाचा. मुदत संपलेल्या रसायनाने चाचणी केली तर ती न केल्यासारखीच.

संच अंदाज देतो. संचात लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर दिसलं तर नमुना प्रयोगशाळेत द्यायचाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत ही तपासणी होते, आणि जल जीवन मिशनखाली अशा प्रयोगशाळा सर्वसामान्य लोकांसाठीही थोडक्या शुल्कात खुल्या केलेल्या आहेत. फ्लोराइडबरोबर सामू (पीएच), एकूण क्षार, अल्कता (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद), कॅल्शियम, लोह, नायट्रेट आणि क्लोराइड हेही मागा. पुढे यंत्र घ्यायची वेळ आलीच तर हे आकडे लागतात.

ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड पाहून निर्धास्त होऊ नका. ते कार्ड उद्भवाच्या परिसराची स्वच्छता आणि साथीच्या रोगांचा धोका यांवर दिलेलं असतं, फ्लोराइडबद्दल ते काही सांगत नाही. तसंच टीडीएस मीटरचं. पेनासारखं ते यंत्र पाण्यातले एकूण क्षार दाखवतं. लिटरला एकूण क्षार ३०० मिलिग्रॅम आणि त्यात फ्लोराइड अडीच, असं पाणी मीटरला अगदी उत्तम दिसतं. काही विक्रेते दोन सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेलं दाखवतात. तो रंग सळईच्या लोखंडाचा. त्यावरून फ्लोराइड कळत नाही.

तिसरं काम : आकड्याचा अर्थ लावा

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा उद्भवच नसेल तर १.५ पर्यंत मुभा. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ आहे.

या आकड्यांकडे कोकणातल्या माणसाने थोडं कडक नजरेने पाहावं, असं माझं मत आहे. शरीराला मर्यादा पाण्याची नाही, रोज पोटात जाणाऱ्या एकूण फ्लोराइडची कळते. एप्रिलच्या दमट उन्हात कलमांच्या बागेत आंबे उतरवणारा किंवा जांभ्याच्या खाणीत काम करणारा माणूस सहज चार लिटर पाणी पितो. बोअरमध्ये २.४ निघालं असेल तर त्याच्या पोटात पाण्यातूनच ९.६ मिलिग्रॅम गेलं. १ मिलिग्रॅमचं पाणी दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात २. शिवाय काळ्या चहात फ्लोराइड असतं, सैंधव-काळ्या मिठात असू शकतं, काट्यासकट खाल्लेल्या सुक्या मासळीतही थोडं असतं. मासळी सोडायचं काही कारण नाही, तिच्यात कॅल्शियमही आहे. कोऱ्या चहाचे पाच-सहा कप मात्र कमी करावेत.

१ च्या खाली असेल तर निश्चिंत राहा. थोडं फ्लोराइड दातांच्या भल्याचंच. १ ते १.५ मध्ये असेल आणि घरात आठ वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर पिण्याला दुसरं पाणी शोधा. १.५ च्या वर असेल तर ते पाणी पिणं आणि त्यात शिजवणं थांबवा. ३ च्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने हाडांना त्रास सुरू होऊ शकतो, त्यामुळे तिथे घरातल्या माणसांचीही तपासणी हवी.

मूत्रपिंडाचा उल्लेख मुद्दाम केला. पोटात गेलेलं फ्लोराइड लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते शरीरात साठतं, आणि इतरांना चालणारा आकडा अशा माणसाला चालत नाही.

त्याच दिवसापासून काय बदलायचं

अहवाल वाईट आला की सगळ्यात पहिला सल्ला मिळतो तो पाणी उकळण्याचा. तो या बाबतीत उलटा पडतो. दूध आटवलं की दाट होतं, तसं उकळताना वाफ जाते आणि फ्लोराइड मागे राहून वाढतं. माठ, रांजण, कपड्याची गाळणी, मेणबत्तीचा फिल्टर, अतिनील दिव्याचा प्युरिफायर यांपैकी कशानेही ते जात नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेवढ्या तुरटीने जात नाही. तुळस, शेवग्याच्या बिया, शेगडीतला कोळसा यांवर विसंबून मुलांना ते पाणी देऊ नका.

तान्ह्या बाळाला आईचं दूध चालू असेल तर काळजी नाही. आई फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी दुधात ते फार थोडं उतरतं. डब्यातली पावडर बोअरच्या पाण्यात कालवून देत असाल तर मात्र ते आजच थांबवा, कारण बाळाच्या वजनाच्या मानाने तो डोस फार मोठा होतो. पेज, नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी यांनाही हेच लागू. भात आणि पेज आपलं बरंचसं पाणी पितात, म्हणून शिजवायचं पाणी हे पिण्याचंच पाणी समजायचं.

आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व वाढवा. ज्यांना ते पुरेसं मिळत नाही त्यांना फ्लोराइडचा त्रास जास्त होतो. नाचणीची भाकरी, दूध, शेवग्याचा पाला, छोटी मासळी, आवळा हे सगळं आपल्याच आवारात आहे. याने आधीचं नुकसान भरून येत नाही, पुढचं थोडं रोखलं जातं. लहान मुलांना टूथपेस्ट वाटाण्याएवढीच द्या आणि ती गिळू नये याकडे लक्ष ठेवा.

माणसांकडे पाहा : दात, मान, कंबर

फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडण्याच्या रोगाला फ्लोरोसिस म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९३७ साली झाली, तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागात. तेव्हापासून या रोगाची ओळख पटवायची पहिली जागा बदललेली नाही, ती म्हणजे शाळेतल्या मुलांचे दात.

दुधाचे दात पडून आलेले पुढचे वरचे दात पाहा. सुरुवातीला खडूसारखे पांढरे ठिपके किंवा आडव्या रेघा असतात, पुढे त्या पिवळ्या-तपकिरी होतात. त्या उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर साधारण सारख्याच दिसतात. डाग दाताच्या आत असतो, घासून जात नाही. मिसरी, तंबाखू किंवा लोहाच्या पाण्याने पडलेला डाग वर बसतो, हिरडीच्या कडेला जास्त असतो आणि दंतवैद्याने खरवडला की निघतो. दात जबड्यात घडत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत, प्यायलेल्या पाण्याचा हा परिणाम आहे. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाच्या दातांवर दिसणारा डाग तुम्हाला त्याच्या तीन-चार वर्षांच्या वयातलं पाणी सांगतो. मूल तेव्हा कुठे राहत होतं, हे विचारल्याशिवाय आजच्या बोअरला दोष देऊ नये. चाकरमान्यांच्या घरात हे हमखास घडतं, मूल वाढलेलं असतं मुंबईत आणि दात तपासले जातात गावात.

या दातांची टिंगल होते, मुली तोंडावर हात धरून हसतात. म्हणून शाळेत तपासणी करताना मुलांना एकेकटं, आडोशाला पाहा. सगळ्या वर्गासमोर तोंड उघडायला लावू नका.

हाडांचा त्रास ओळखणं आपल्याकडे अवघड, कारण भातलावणीत वाकून कंबर धरलेली बाई प्रत्येक घरात असते. तीन साध्या हालचाली करून पाहा. गुडघे न वाकवता जमिनीवरचं नाणं उचलता येतं का. हनुवटी छातीला टेकते का. दोन्ही हात वर घेऊन डोक्यामागे नेता येतात का. एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्या तीन-चार मोठ्या माणसांना हे जमत नसेल, सांधे आखडलेले असतील, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन पाण्याचा अहवाल डॉक्टरांपुढे ठेवा. तो अहवाल सोबत नसेल तर बहुतेक वेळा वेदनाशामक गोळ्या मिळून विषय संपतो. लघवीतलं फ्लोराइड आणि पुढच्या हाताचा एक्स-रे यांवरून निदान पक्कं होतं. फ्लोरोसिसच्या प्रतिबंधासाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, त्याचा उल्लेख करून विचारायला संकोच करू नका.

औषधाने हाडात साठलेलं फ्लोराइड चटकन निघत नाही. पाणी बदललं की वाढ थांबते, आणि सुरुवातीच्या दुखण्यात बऱ्याच जणांना हळूहळू आरामही पडतो.

पर्याय पहिला : विहिरीकडे परत

बोअर आल्यावर जुनी विहीर बहुतेक ठिकाणी पाचोळ्याने भरली. तिची खोली पाहा, पाणी तपासा. फ्लोराइड नगण्य निघण्याची शक्यता मोठी आहे. मग मे महिन्यात गाळ उपसा, कठडा बांधा, वर जाळी टाका, सांडपाणी दूर न्या. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट हवा, आणि सच्छिद्र जांभ्यात त्याहून जास्त असला तर उत्तम.

विहिरीच्या पाण्यात जंतू निघाले तर? निघू शकतात. पण टीसीएल आणि उकळणं हे त्यावरचे स्वस्त आणि खात्रीचे उपाय आहेत. फ्लोराइडवर असा घरगुती उपाय नाही, म्हणून मी विहिरीच्या बाजूने आहे.

विहीर एप्रिलपर्यंत टिकवायची असेल तर पाऊस संपताच व्हाळात वनराई बंधारे घाला. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून वाडीतल्या लोकांनी घातलेला बंधारा शेजारच्या विहिरीचं पाणी लांबवतो, हे कोकणाला नवीन सांगायला नको. तो घालायचा व्हाळ वाहता असताना. डिसेंबर उजाडला की अडवायला फार काही उरत नाही.

पर्याय दुसरा : पागोळीचं पाणी

पाच माणसांचं घर. पिण्या-शिजवायला दिवसाला ३० लिटर. पाऊस थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. गरज निघते ७,२०० लिटर. आता छप्पर मोजा. ५० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पावसाचं दीड लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तरी १ लाख २० हजार. म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला छपराचा बारावा हिस्सा पुरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या घराला हे गणित इतकं सोपं कधीच पडत नाही.

कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर चालतं. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचं पाणी पिण्याला नको. पावसाआधी कौलांवरचं शेवाळ आणि पाला झाडून घ्या, पागोळीखाली पन्हळ बांधा, आणि पन्हळीतून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला मध्येच एक उभा, खाली बूच असलेला पाइप किंवा ड्रम जोडा. प्रत्येक सरीचं पहिलं धुवण, ५० चौरस मीटरला निदान ५० ते १०० लिटर, त्यात पडून बाहेर जाऊ दे. पुढे खडी-वाळूचा गाळणखड्डा आणि मग टाकी.

टाकी भरायची घाई जूनमध्ये करू नका. आपल्याकडे मोहोर येतो तेव्हापासून कलमांवर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, आणि बागेत घर असेल तर तो फवारा छपरावर बसलेला असतो. मृगाच्या सरींनी छप्पर चांगलं धुऊन जाऊ दे. आषाढ-श्रावणात भरा, परतीच्या पावसात वरचेवर पूर्ण करा. पोफळीच्या बागेत पावसाळ्यातही बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारतात. त्या दिवशी आणि पुढची मोठी सर पडून जाईपर्यंत टाकीकडचा पाइप काढून ठेवा.

टाकी फेरोसिमेंटची असो वा काळ्या प्लॅस्टिकची, आत उजेड जाता कामा नये आणि प्रत्येक तोंडाला डासांची जाळी हवी. वरून कळशी बुडवून पाणी काढू नका, खाली नळ ठेवा. पिण्याआधी उकळा. हे पाणी उकळायला हरकत नाही, त्यात फ्लोराइड नाही. सुरुवातीला ते बेचव लागतं आणि घरातली वडीलधारी माणसं कुरकुरतात. आठवडाभराने सवय होते.

मिसळून वापरणं

टाकी लहान असेल, विहीर आटत आली असेल, तर मिसळण्याने दिवस निभावतात. बोअरमध्ये २ आणि विहिरीत ०.३ असेल, तर अर्धं-अर्धं मिसळून १.१५ होतं. एक हंडा बोअर आणि दोन हंडे विहीर केलं तर ०.८७ वर येतं. दोन्ही आकडे प्रयोगशाळेचे हवेत, हंडे मोजून घालायचे, आणि मिसळलेल्या पाण्याचाही एकदा नमुना द्यायचा. बोअरचा आकडा ४-५ असेल तर या भानगडीत पडू नका.

यंत्र घ्यावंच लागलं तर

आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडदीतून गाळणारं यंत्र, फ्लोराइड काढतं, चांगल्या स्थितीतली पडदी नव्वद टक्क्यांच्या आसपास. पण वीज लागते, बरंच पाणी वाया जातं, आणि वाया जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड आणखी दाट झालेलं असतं. ते गुरांना पाजू नका, विहिरीकडे वळवू नका, लादी पुसायला वापरा. दुसरा प्रकार सक्रिय ॲल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा. याला वीज लागत नाही, पण त्यातले दाणे काही काळाने भरून जातात आणि मग पाणी जसंच्या तसं बाहेर येतं. चव बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. पाण्याचा सामू आणि अल्कता जास्त असेल तर ते लवकर दमतात. दाणे पुन्हा कामाला लावायची किंवा बदलून देण्याची सोय जवळ नसेल तर हे यंत्र घेऊ नका. कुठलंही यंत्र बसवल्यावर बाहेर आलेलं पाणी तपासा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केलेली नलगोंडा पद्धत वाडीच्या पातळीवर चालते. त्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात मिसळून गाळ बसू देतात. तुरटीचं प्रमाण फ्लोराइड आणि अल्कता पाहून ठरतं, ते अंदाजाने करायचं नाही. चुकलं तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. शिकलेला माणूस रोज हजर राहणार असेल तरच याचा विचार करा.

वाडीने करायचं काम

अहवालाची प्रत लावून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विषय ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आणि मग ग्रामसभेत घ्या. मागणी नेमकी असू द्या : सदर हातपंप पिण्यासाठी बंद करून त्याला लाल रंग द्यावा, वापरासाठी चालू ठेवावा, पिण्यासाठी अमुक विहिरीची दुरुस्ती करावी, शाळा आणि अंगणवाडीच्या छपरावर पाणी साठवण करावी. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्याची कामं बसतात. नुसतं 'पाण्याची सोय करावी' असं लिहिलेला अर्ज फायलीत राहतो.

आणि नवा बोअर मारण्याचा ठराव आला तर त्यातच एक ओळ घाला, की पाणी लागल्यावर फ्लोराइडसह रासायनिक तपासणीचा अहवाल आल्याशिवाय ठेकेदाराचं देयक काढू नये.

पुढची तपासणी कधी

बोअर खोल केला, पंप खाली उतरवला, शेजारी नवा बोअर पडला किंवा सलग दोन उन्हाळे कडक गेले, तर जुना अहवाल बाद समजा आणि नवा नमुना द्या. एरवी वर्षातून एकदा, मे महिन्यात. अहवाल एका वहीत तारखेने चिकटवत जा आणि वही ग्रामपंचायतीच्या कपाटात न ठेवता जिच्याकडे तपासणी संच आहे त्या बाईंकडे ठेवा. बोअरचा आकडा दरवर्षी थोडा थोडा चढताना दिसला, तर १.५ ची वाट पाहू नका. त्याच पावसाळ्यात पन्हळ बांधा.